पावतीपुस्तकात दोन तासही लिहा



मी सूतगिरणीतला कामगार. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली आणि १९२५ साली सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. आपल्या जिल्ह्यातही असे उदाहरण आहे. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या अक्कलकुवा-अक्राणीतल्या गावांनी नर्मदा बचाव आंदोलनाबरोबर १९९२ पासून चिमलखेडी, निमगव्हाण येथे जीवनशाळा उभ्या केल्या. लाकूड-बांबू गावाचा, मेहनतही गावाची. शिकवायला गावातलीच शिकलेली पोरं. बाहेरच्यांनी पैसा, पुस्तके दिली. पण आधी गाव उठले, मग मदत आली.

आणि आपण? वर्गणी काढतो, मांडव घालतो, पावती फाडली की झालं! मीही तेच केलं. आमच्या गल्लीतली पोरगी दहावीला गणितात नापास झाली. तिला शिकवायला कोणी निघालं नाही. पावतीपुस्तक मात्र भरलेलं होतं.

म्हणून विनंती, वर्गणी द्याच. पण नावापुढे आठवड्याचे दोन तासही लिहा. मला गणित येत नाही. मी विहार उघडीन, झाडीन, पोरांना घरून बोलावून आणीन. पहिलं नाव माझं लिहा.

जयभीम!