परीक्षा आणि मुलाचें मन

माघ संपत आला आणि सकाळच्या हवेंतील गारवा ओसरूं लागला, कीं आपल्या घराघरांतून एक निराळाच ऋतु सुरू होतो. पंचांगांत त्याचें नांव सांपडत नाहीं. पण तो परीक्षेचा ऋतु होय. दिवाणखान्यांतील आवाज लहान होतात, पाहुण्यांना 'यंदा नको' म्हणून कळविलें जातें, आणि वडील माणसें उंबऱ्यावरून आंत डोकावून एकच प्रश्न विचारतात, "किती झालें?" हा प्रश्न कानीं पडतांना मुलाच्या मनांत काय चालतें, ह्याविषयीं आज आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

श्रोतेहो, माझें बरेंच आयुष्य गणित शिकविण्यांत गेलें. त्यांतील एक चूक प्रथम सांगतों. कारण आजच्या विषयाचा गाभा तिच्यांतच आहे. आठवींतील एक मुलगा बाकावर बसून उदाहरण बरोबर सोडवी; पण फळ्यापुढें उभा केला, कीं सात आठी किती, हेंही त्याला आठवत नसे. हा शेजाऱ्याचें पाहून लिहीत असावा, असें मीं अनुमान केलें. त्याच्या वडिलांना मीं त्याच्यादेखत सांगितलें, "ह्याच्याकडून गणिताची फार अपेक्षा धरूं नका. त्याचें डोकें त्या बाजूचें नाहीं." बोलण्यांत कटुता नव्हती, उलट आपण एका गृहस्थाला निराशेपासून वांचविलें, असेंच मला वाटलें. त्यानंतर त्या मुलाच्या वहींतील चुका एकाएकीं थांबल्या. कारण उघड होतें: त्यानें उदाहरणें सोडविणेंच सोडून दिलें होतें.

पुष्कळ वर्षांनीं तो मला भेटला. लांकडाच्या वखारींत बसून तो घनफुटांचे हिशेब तोंडीं करीत होता. मीं आश्चर्य दाखविलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, फळ्यापुढें मला आंकडे दिसतच नसत, तुमचे डोळे तेवढे दिसत."

त्याच्या ह्या बोलण्यांत मोठें शास्त्रीय सत्य आहे. तोंडीं हिशेब करतांना आपण मनांत जणूं एक लहानशी पाटी धरलेली असते. सत्तेचाळिसाला सहानें गुणावयाचें, तर सात सक बेचाळीस, त्यांतील दोन मांडून हातचे चार लक्षांत ठेवावयाचे, चार सक चोवीस आणि ते चार मिळून अठ्ठावीस, म्हणजे दोनशें ब्यायशीं. ह्या पाटीलाच मानसशास्त्रांत कार्यस्मृति म्हणतात, आणि ती फार लहान असते. 'आतां सगळे हंसतील, घरीं काय सांगूं?' हे विचार तिच्यावर उमटले, कीं हातच्यांना जागा उरत नाहीं. भ्यालेल्या मुलाचें ज्ञान नाहींसें होत नाहीं. तें मांडावयाची जागा तेवढी अडविली जाते.

मग धाक अगदींच नको काय? १९०८ सालीं यर्क्स आणि डॉडसन ह्या अमेरिकन संशोधकांनीं उंदरांवर एक प्रयोग केला. दोन पेट्यांपैकीं काळ्या पेटींत शिरणाऱ्या उंदराला विजेचा धक्का बसे. दोन पेट्यांतील फरक सहज ओळखतां येण्याजोगा असला, म्हणजे जोराच्या धक्क्यानें उंदीर लवकर शिकत. पण तो ओळखणें अवघड केल्यावर सौम्य धक्काच उपकारक ठरला व जोराचा धक्का शिकण्याच्या आड आला. माणसाचें मूल म्हणजे उंदीर नव्हे, हें मी जाणतों. तरी शिक्षकाचा अनुभव ह्याहून फारसा निराळा नाहीं. पाढे घोकण्याला थोडा धाक चालून जातो. जेथें विचार करावयाचा, तेथें तोच धाक मुलाचा पाय मागें ओढतो.

भीतीइतकाच प्रभाव मुलाच्या स्वतःविषयींच्या कल्पनेचा असतो, आणि ती कल्पना बहुधा आपणच त्याला दिलेली असते. १९९८ सालीं क्लॉडिया म्यूलर व कॅरोल ड्वेक ह्या दोन विदुषींनीं पांचवींतील मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांनीं कोडीं सोडविल्यावर कांहींना 'तूं हुशार आहेस' असें म्हटलें, तर कांहींना 'तूं मेहनत घेतलीस' असें. पुढें सर्वांना मुद्दाम कठीण कोडीं दिलीं व त्यांत तीं मुलें अडखळलीं. नंतर पुन्हां पहिल्यासारखींच सोपीं कोडीं दिलीं, तेव्हां हुशार म्हणविलेल्या मुलांचें काम पूर्वीपेक्षां घसरलें, आणि मेहनतीचें कौतुक झालेल्यांचें सुधारलें. शिवाय आपले गुण दुसऱ्यांना कळवितांना हुशार म्हणविलेल्यांपैकीं दर पांचांतील सुमारें दोघांनीं ते वाढवून सांगितले! 'हुशार' ही पदवी एकदां मिळाली, कीं ती जाऊं न देणें हेंच मुलाचें काम होऊन बसतें. माझ्या त्या विद्यार्थ्याला मीं उलट पदवी दिली होती, परिणाम एकच.

मात्र एका उपदेशानें सारें पालटेल, अशी आशा धरणेंही चूक होय. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासांत नववींच्या सुमारें १२ हजार विद्यार्थ्यांपैकीं कांहींना, बुद्धीचा विकास करतां येतो, हा विचार तासाभराहून कमी वेळांत समजावून दिला होता. त्यानें कच्च्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि जेथें सोबती कठीण कामाला धजणारे होते, तेथें ते विशेष वाढले. तात्पर्य, बीज चांगलें असून भागत नाहीं. जमीनही तशी लागते. ती जमीन म्हणजे आपलें घर आणि आपली शाळा.

आतां अभ्यासाच्या रीतीविषयीं थोडें. तेंच पान पुनःपुन्हां वाचलें, कीं तें ओळखीचें वाटूं लागतें, आणि ओळखीचें म्हणजे येतें, असा मनाचा समज होतो. २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी ह्यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाकडून एक उतारा चार पाळ्यांत वाचून घेतला. दुसऱ्या गटाला एक पाळी वाचन देऊन तीन पाळ्या तो न पाहतां आठवून लिहावयास लावलें. पांच मिनिटांनीं वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारें ४० टक्के मजकूर आठवला, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. गंमत अशी, कीं आपल्या तयारीचा अधिक भरंवसा वाचणाऱ्यांनाच होता! म्हणून पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिण्याची सवय घरीं लावावी. त्या वेळीं झालेली चूक कोणी मोजीत नसतो. म्हणून तिची भीतिही वाटत नाहीं.

झोंपेलाही अभ्यासाचा शत्रु समजूं नये. अर्थहीन अक्षरें पाठ केल्यावर जागें राहण्यापेक्षां झोंप घेतल्यास तीं अधिक टिकतात, असें जेन्किन्स व डॅलेनबाख ह्यांना १९२४ सालींच आढळून आलें होतें. रात्र जागून मिळविलेलें पुष्कळ वेळां सकाळींच हातचें निसटतें.

एक गंभीर गोष्ट सांगणें माझें कर्तव्य आहे. २०२२ सालीं आपल्या देशांत १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्मघात केल्याची सरकारी नोंद आहे. अशा प्रसंगांचीं कारणें अनेक असतात. प्रत्येकामागें परीक्षाच होती, असें नव्हे. पण मूल नीट झोंपत नाहीं, जेवत नाहीं, मित्रांना टाळतें, किंवा 'मी नसतों तर बरें झालें असतें' असें बोलतें, तेव्हां तें नाटक समजून सोडून देऊं नये. जवळ बसून त्याला स्पष्ट विचारावें, त्याला एकटें ठेवूं नये, आणि तज्ज्ञाकडे जाण्यास संकोचूं नये. २०२२ पासून चालू असलेल्या सरकारच्या टेलि-मानस सेवेचा दूरध्वनि क्रमांक १४४१६ हा आहे. तेथें रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो, मराठींतूनही मिळतो.

वखारींतून निघतांना मीं त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि चहा सांगावयास उठला. त्यानें क्षमा केली असेल. पण त्या वहींतील कोरीं पानें आतां भरून येणार नाहींत. आपल्या घरांतील वह्या अजून उघड्या आहेत. आज रात्रीं उंबऱ्यावरून "किती झालें?" असें न विचारतां, आंत जाऊन मुलाशेजारीं क्षणभर बसा आणि विचारा, "कुठें अडलें?" पहिल्या प्रश्नाला मूल आंकडा सांगतें. दुसऱ्याला तें वही पुढें करतें.