टेबलाभोवतीचं पहिलं वर्ष

बारावीपर्यंत ‘सर, उत्तर काय लिहायचं?’ एवढंच विचारायची सवय. कॉलेजात पाऊल टाकताच कुणी उलट तुम्हालाच विचारलं तर?

अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला सेंट जॉन्स नावाचं छोटंसं कॉलेज आहे. तिथं १९३७ पासून हेच चालतं. सोमवारी आणि गुरुवारी रात्री वीसेक मुलं आणि दोन शिक्षक एका मोठ्या टेबलाभोवती बसतात. पहिल्या वर्षाची सुरुवात होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यानं. व्याख्यान नाही, नोट्स नाहीत. शिक्षक एक प्रश्न टाकतात. समजा, त्यातल्या अकिलीस या योद्ध्याचा राग रास्त होता का? आणि गप्प बसतात. ती शांतता नव्या पोरांना अगदी खायला उठते! शेवटी कुणीतरी तोंड उघडतं, की समोरून विचारणा, ‘हे पुस्तकात कुठंय?’ मग पानांची चाळवाचाळव. नुसतं ‘मला वाटतं’ म्हणून भागत नाही. हाक मात्र आडनावानं, मिस्टर किंवा मिस लावून. त्यामुळं भांडण मताशी राहतं, माणसाशी जात नाही. ही युक्ती मला फार आवडली.

आपल्याकडं शंभराच्या वर्गात हे कसं जमायचं? आठवड्यात एक तास, वर्गाचे चार-पाच गट आणि हातात दहा पानं, एवढ्यावर सुरुवात होते. पानं जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची घ्या. १८७३ सालचं हे पुस्तक मुळातच जोतीराव आणि धोंडीबा यांच्या सवालजवाबात लिहिलंय. धोंडीबाच्या जागी बसून पुढचा सवाल कोण करतो, ते मुलांनाच ठरवू द्या.