घर की कारखाना?



या व्यासपीठावर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आज आम्ही आमच्या हाताला माहीत असलेल्या गोष्टीवरच बोलणार आहोत : घरात बसून तंबाखू वळणे. मात्र सुरुवात विडीपासून न करता चिरुटापासून करू.

चिरूट दिसतो साधा. पण त्यात तीन तऱ्हेची पाने लागतात. आत भरण, तिच्यावर बांधणीचे पान आणि सर्वांत बाहेर वेष्टणाचे पान. भरणही एका प्रकारची नसते. झाडाच्या शेंड्याकडची पाने जाड, उग्र आणि सावकाश जळणारी. ती मधोमध ठेवतात. खालची पातळ पाने चटकन पेट घेतात; ती त्यांच्याभोवती. पाने अशी दुमडावी लागतात की मधून हवा खेळली पाहिजे. घट्ट झाली तर धूर येत नाही, सैल राहिली तर चिरूट भराभर जळून जातो. वेष्टणाच्या पानाची मधली शीर काढली की त्याचे डावा आणि उजवा असे दोन भाग होतात. डावा एका दिशेने वळायचा, उजवा उलट दिशेने. ही कला बोटांत मुरायला वर्षे लागत. म्हणून जुन्या चिरूट कारागिराला मान होता आणि मजुरीही बरी होती.

1869च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लाकडी साचा आला. साच्यात भरण दाबली की अर्धे काम नवशिक्याला जमू लागले. मग मालकांनी युक्ती काढली. त्यांनी चाळी घेतल्या, बोहेमियातून आलेल्या गरीब कुटुंबांना त्यांत खोल्या भाड्याने दिल्या आणि त्याच खोल्यांत तंबाखू नेऊन टाकली. नवरा-बायको पहाटेपासून रात्रीपर्यंत चिरूट वळीत, मुले पानांच्या शिरा काढीत. जिथे स्वयंपाक तिथेच तंबाखूचा ढीग, आणि आजारी माणसाचे अंथरूणही तिथेच. मालक तोच, घरमालकही तोच! 1877 साली या लोकांनी संप केला, तेव्हा मजुरी तर बंद झालीच. वर कित्येकांचे बिऱ्हाडही रस्त्यावर आले.

सॅम्युएल गॉम्पर्स नावाचा एक चिरूट कामगार होता. जन्म लंडनचा, 1850चा. लहानपणीच शाळा सुटली. पुढे अमेरिकेतल्या कामगार महासंघाचा तो पहिला अध्यक्ष झाला. ज्या कारखान्यात तो काम करी, तिथे एकाने मोठ्याने वाचायचे आणि इतरांनी त्याच्या वाट्याचे चिरूट वळून द्यायचे, अशी रीत होती. क्यूबातही 1865 पासून कारखान्यात वाचक बसवण्याची प्रथा पडली. गॉम्पर्स पुस्तकविक्या बनून त्या चाळींतून हिंडला आणि आतली स्थिती त्याने लोकांपुढे मांडली. 1884 साली राहत्या चाळीत चिरूट वळण्यास बंदी घालणारा कायदा झाला. आणि 1885च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला. कारण काय, तर माणसाला त्याच्या पवित्र घरातून उठवून कामासाठी दुसरीकडे घालवणे हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे! घर पवित्र खरे. पण त्या पावित्र्याच्या आड मालकाचा नफा सुखाने झोपला होता.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमची ओसरी आठवली. तिथे आमची आई आणि तीन शेजारणी मांडीवर सूप घेऊन बसत. भिजवलेले टेंभुर्णीचे पान पत्र्याच्या मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू घालायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. अशा हजार झाल्या की मजुरीचा हिशेब. आम्ही संध्याकाळी त्यांना वाचनालयातले पुस्तक वाचून दाखवीत असू, आणि आमच्याकडचे विड्यांची तोंडे दुमडण्याचे काम त्या आपसांत वाटून घेत. गॉम्पर्सचे नावही तेव्हा कुणी ऐकलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार विड्या मोजून घेई आणि मूठभर बाजूला सारी. ती ‘छाट’, म्हणजे नापास. छाटीची मजुरी नाही, आणि छाट परतही नाही. आई तोंडातून शब्द काढीत नसे, कारण कामाचे पुस्तक शेजारणीच्या नावावर होते. तीस वर्षे विड्या वळूनही भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत ती कुणीच नव्हती. त्या कचेरीच्या पायरीवरून तिला घरी आणताना आम्ही ठरवले की हेच काम करायचे.

आपल्या देशाने न्यूयॉर्कहून वेगळी वाट धरली. 1966च्या विडी व चिरूट कामगार कायद्याने घरकामाला बंदी केली नाही. घरात बसून मालकाच्या मालाच्या विड्या वळणारीलाही कामगार म्हटले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. 1977 साली भविष्यनिर्वाह निधी विडी उद्योगाला लागू झाला. मालक म्हणाले, घरी बसणाऱ्या बाईवर आमचे नियंत्रण कुठे आहे? 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : माल नापास करण्याचा अधिकार तुमच्या हाती आहे, हेच नियंत्रण. श्रोतेहो, ज्या छाटीने आईला रडवले, तीच छाट तिच्यासारखींच्या हक्काचा पुरावा ठरली! न्यूयॉर्कच्या निकालानंतर बरोबर 100 वर्षांनी.

पण लढाई संपली असे मानू नका. 1976 साली विडीवर बसवलेल्या उपकरातून दवाखाने व मुलांच्या शिष्यवृत्त्या यांना पैसा मिळे. 2017 साली जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला. 1966चा कायदाही 2020च्या नव्या संहितेत विलीन करण्यात आला. कायद्याचे नाव बदलले तरी पुस्तकावर बाईचे नाव हवेच.

आपण विचाराल, विडी माणसाला मारते, मग तिचा कैवार कशाला? आम्ही विडीचा कैवार घेत नाही. ती ओढणाऱ्याच्या छातीत जाते आणि वळणारीच्याही नाकातोंडात तिची धूळ जाते. हा धंदा उद्या मिटला तर आम्ही रडणार नाही. मात्र धंदा मिटवताना तो वळणारीला दुसरे काम कोण देणार, हे आधी सांगा. आजवर धंद्याचा नफा वर गेला. त्याच्या मरणाचा खर्च तरी खाली येऊ नये.

आपल्या गल्लीत कुणी विड्या वळीत असेल तर उद्या एवढेच विचारा : “बाई, पुस्तक कुणाच्या नावावर आहे?” उत्तर दुसऱ्याचे आले, तर तिला घेऊन आमच्या कचेरीत या. संध्याकाळी सहा ते नऊ दार उघडे असते.