तंद्री आणि डुलकी : एका शोधनिबंधाची जडणघडण

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संतसाहित्यावर किंवा कादंबरीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज झोपेविषयी बोलणार आहे. व्याख्यान आणि झोप यांचा निकटचा संबंध माझ्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे सिद्ध केलेला आहे. तेव्हा विषय अगदीच परका नाही. नेमके सांगायचे तर, निद्राविज्ञानाच्या एका नियतकालिकासाठी शोधनिबंध कसा तयार होतो आणि तेथवर कसा पोहोचतो, याची ही हकिगत आहे. ती या व्यासपीठावरून सांगण्याचे कारण असे, की त्या निबंधाची सामग्री याच वास्तूच्या वृत्तपत्र विभागात गोळा झाली, आणि त्यातील सर्वांत मोठी चूक माझ्या हातून झाली.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. लहानपणी आपल्या बालविभागातून पुस्तके नेणारी, उन्हाळी मराठी वर्गात माझ्याकडे शिकलेली ही मुलगी आता शरीरक्रियाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तिचा अभ्यासविषय होता उतारवयात दिवसा येणारी झोप. मी हसून म्हणालो, ‘‘अगं, म्हातारपणी डुलकी यायचीच. त्यात अभ्यास कसला?’’ ती म्हणाली, ‘‘सर, सगळे असेच म्हणतात, म्हणून तर आजार ओळखायचा राहून जातो.’’

मग तिने समजावून सांगितले. काही माणसांचा श्वासमार्ग झोपेत घशाशी पुन्हा पुन्हा बंद होतो. श्वास निदान दहा सेकंद थांबतो, झोप चाळवते, श्वास सुरू होतो, आणि हे चक्र रात्रभर चालते. माणसाला सकाळी त्याची आठवणही नसते. घरच्यांना फक्त घोरणे ऐकू येते आणि दिवसा तो बसल्या जागी पेंगतो. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवता येतो, हे दाखवून दिले. म्हणजे उपाय आहे. परंतु ‘वय झाले’ या दोन शब्दांत आपण तो दार ठोठावू देत नाही.

दिवसाची झोप मोजायची कशी? १९९१ साली मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातील डॉ. मरे जॉन्स यांनी ‘स्लीप’ या नियतकालिकात एक साधी मोजपट्टी प्रसिद्ध केली. रोजच्या आयुष्यातील आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण चोवीस. दहाहून अधिक गुण पडले, तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजावी. बसून वाचत असणे हा त्या आठांतील पहिला प्रसंग. अशी मोजपट्टी वापरायची किंवा तिचे भाषांतर करायचे, तर हक्कधारकांची अनुमती घ्यावी लागते. या मुलीच्या मार्गदर्शकांनी आपल्या अभ्यासापुरती स्वतःचीच एक छोटी प्रश्नावली इंग्रजीत बांधली होती. ती मराठीत आणण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले.

अशा भाषांतराची एक शिस्त आहे. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे, दोन्ही समोर ठेवून एक पाठ ठरवायचा. मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या माणसाकडून तो पुन्हा इंग्रजीत करवून घ्यायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. शेवटी काही सामान्य माणसांना तो वाचायला देऊन, ‘यातून तुम्हांला काय समजले?’ असे विचारायचे. पहिल्या पायऱ्या आम्ही पार पाडल्या. ‘पेंग’ आणि ‘डुलकी’ हे शब्द मला शास्त्रीय कागदावर ग्राम्य वाटले, म्हणून मी ‘तंद्री’ हा शब्द सुचवला. ‘वाचत बसले असता आपणांस तंद्री लागते काय?’ वाक्य कसे भारदस्त! उलट भाषांतर करणारे गृहस्थ स्वतः वैद्यकीय पेशातले, त्यांना अभ्यासाचा हेतू ठाऊक; त्यांनी तंद्रीचे भाषांतर बरोबर ‘झोपाळूपणा’ असेच केले. शेवटची पायरी मी गाळायला लावली. ‘‘मराठीचा एम. ए. आहे मी. लोकांना काय समजते हे मला ठाऊक आहे,’’ हे माझे त्या वेळचे शब्द.

आचारसंहिता समितीची मान्यता आली होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांवरील अशा अभ्यासाला ती आधी घ्यावी लागते, आणि प्रत्येकाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. आपल्या वृत्तपत्र विभागात रोज येणाऱ्या साठीपुढच्या वाचकांनी मोठ्या आस्थेने अर्ज भरून दिले. चाळीसेक अर्ज झाले असतील. एके दिवशी एका ज्येष्ठ वाचकांचा अर्ज तिने पाहिला. वाचनाच्या प्रश्नाला पूर्ण तीन गुण, बाकी सगळीकडे शून्य. तिने विचारले, ‘‘काका, वाचताना एवढी तंद्री लागते?’’ काका अभिमानाने म्हणाले, ‘‘लागते तर! कादंबरी चांगली असली की तीन-तीन तास लागते. पुढ्यातला चहा निवतो, कळत नाही.’’

श्रोतेहो, तुम्ही हसलात; त्या दिवशी आम्हांला हसू आले नाही. ग्रंथालयातल्या माणसाला तंद्री लागते ती पुस्तकाची! जो सर्वांत जागा होता, त्याला आमच्या कागदाने सर्वांत झोपाळू ठरवले होते. मग तिने इतरांनाही विचारले. कुणी तंद्रीचा अर्थ ‘तल्लीनता’ घेतला होता, कुणी ‘गुंगी’, कुणी ‘झोप’. कोणत्या अर्जातला आकडा कशाचा, हे सांगण्याची सोय उरली नव्हती.

मी सुचवले, की शंका आहे तेवढेच अर्ज काढावेत. ती म्हणाली, ‘‘कोणते काढायचे ते आपण ठरवले, तर निकालही आपणच ठरवल्यासारखे होईल.’’ तिने सगळे अर्ज बाजूला ठेवले, समितीला बदल कळवला आणि चार महिन्यांचे काम पुन्हा आरंभले. या वेळी आम्ही शब्द ठरवण्यापूर्वी वाचकांनाच विचारले. आपल्या बडोद्याच्या मराठीला गुजरातीचा शेजार. दोघांनी सांगितले, ‘‘आमच्याकडे झोका येतो म्हणतात.’’ गुजरातीतले ‘झोकुं’ घरात येऊन बसलेले! पण नव्याने महाराष्ट्रातून आलेल्याला झोका म्हटले की पाळणा आठवायचा. अखेर ‘डुलकी लागते का?’ हाच प्रश्न सर्वांना सारखा समजला. जो शब्द मला ग्राम्य वाटला होता, तोच शास्त्राच्या कसोटीला उतरला.

यानंतर लेखनाला प्रारंभ झाला. शोधनिबंधाचा घाट ठरलेला असतो : प्रास्ताविक, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा. काय माहीत नव्हते, काय केले, काय आढळले, त्याचा अर्थ काय, हे चार प्रश्न आणि त्यांची चार उत्तरे. ललित लेखक सुरुवातीपासून लिहितो. येथे पद्धतीचा भाग आधी लिहावा, कारण तेथे केलेलेच सांगायचे असते, कल्पनेला वाव नसतो. शीर्षक आणि सारांश शेवटी. ‘अत्यंत’, ‘निर्विवाद’, ‘क्रांतिकारक’ ही आपली आवडती विशेषणे मी तिच्या मसुद्यातून एकामागून एक गळताना पाहिली.

उत्तम शोधनिबंध कसा असतो, म्हणून तिने मला एक जुना नमुना वाचायला दिला. शिकागो विद्यापीठातील यूजीन ॲसेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांचा तो निबंध ४ सप्टेंबर १९५३ च्या ‘सायन्स’मध्ये आला. अवघी दोन पाने. झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांखाली वेगाने हलतात, हा त्यातला शोध. ॲसेरिन्स्कींनी एका जुनाट यंत्राच्या साहाय्याने आधी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या झोपेची नोंद घेतली होती. शंकेखोर गुरूने ती स्वतःच्या मुलीवरही पडताळून पाहिली. मग त्यांनी झोपलेल्या माणसांना उठवून विचारले. डोळे हलत असताना विचारले तेव्हा २७ पैकी २० वेळा तपशीलवार स्वप्न सांगितले गेले. डोळे स्थिर असताना २३ पैकी १९ वेळा काहीच आठवले नाही. मला मोह पडला तो उरलेल्या सात आणि चार वेळांचा. स्वप्नांच्या अभ्यासाला नवे दार उघडणाऱ्या त्या लेखकांनी विरुद्ध जाणारे आकडे लपवले नाहीत. ते त्याच परिच्छेदात ठेवले आहेत.

हे वाचल्यावरही माझे मन शुद्ध झाले होते, असे नाही. पद्धतीच्या भागात तिने लिहिले होते, की पहिल्या मराठी पाठातील एक शब्द संदिग्ध ठरल्यामुळे त्या पाठावर भरलेले अर्ज रद्द केले. मी म्हणालो, ‘‘हे लिहायलाच हवे का? अर्ज तर वापरलेच नाहीत.’’ खरे दुखणे निराळे होते. ती संदिग्धता माझी होती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, नाही लिहिले तर उद्या दुसरा कोणी मराठीत प्रश्नावली करील, आणि तोही ‘तंद्री’च लिहील.’’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते वाक्य निबंधात राहिले.

निबंध पाठवणे हीदेखील एक विद्या आहे. नियतकालिक निवडताना त्याचा विषयविस्तार पाहावा, लेखकांसाठीच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. १९७८ साली काही वैद्यकीय संपादक कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि त्यांनी हस्तलिखितांचे समान नियम ठरवले. त्याच परंपरेतून आजचे बरेचसे संकेत आले आहेत. निबंध एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवायचा. सोबत संपादकांना पत्र, अर्थसाहाय्य कोणाचे आणि हितसंबंध कोणते याचे निवेदन. लेखक म्हणून कोणाचे नाव घालायचे, यालाही कसोटी आहे : ज्याने कामात भरीव वाटा उचलला, लेखनात किंवा त्याच्या चिकित्सेत भाग घेतला, अंतिम पाठाला मान्यता दिली आणि सर्व मजकुराचे उत्तरदायित्व पत्करले, तोच लेखक. या चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यामुळे माझे नाव आभारात आहे, आणि ते योग्यच आहे. पैसे भरा, आठवड्यात छापतो, असे सांगणारी पत्रेही तिला आली. अशा दुकानांपासून तरुणांनी दूर राहावे. तेथे निबंध छापला जातो, पण तपासला जात नाही.

पहिल्या नियतकालिकाने आठवड्याभरात निबंध परत केला : विषय आमच्या कक्षेत बसत नाही. नकाराचे पत्र दोन ओळींचे होते. परंतु तिचा चेहरा पाहून मला माझ्या पहिल्या परत आलेल्या कथेची आठवण झाली. दुसऱ्या नियतकालिकाने तो दोन परीक्षकांकडे धाडला. एका परीक्षकाने विचारले, ‘‘शीर्षकात बडोद्यातील मराठी भाषक ज्येष्ठ नागरिक म्हटले आहे. प्रत्यक्षात सगळे एका ग्रंथालयाचे वाचक आहेत. जे वाचत नाहीत, ज्यांना जिना चढून ग्रंथालयात येता येत नाही, ज्यांना घरकामातून दुपार मिळत नाही, ते कोठे आहेत?’’

प्रश्न निरुत्तर करणारा होता. आमच्या अर्जांत स्त्रिया थोड्या होत्या, हे तेव्हा प्रथमच माझ्या ध्यानात आले. तिने प्रत्येक आक्षेप उतरवून त्याखाली उत्तर लिहिले. जेथे परीक्षकाचे म्हणणे खरे, तेथे बदल. जेथे पटले नाही, तेथे सभ्य भाषेत कारण. शीर्षक लांबले आणि दावा आखूड झाला : ‘एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या नियमित वाचकांमध्ये’. अभ्यासाच्या मर्यादा सांगणारा एक परिच्छेद वाढला. अर्ज रद्द केल्याच्या वाक्यावर मात्र दोघांपैकी कोणीही बोट ठेवले नाही. सुधारलेला निबंध गेल्या महिन्यात परत पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही. होकार येईलच, असे मी सांगणार नाही. आपल्यापुरता एक परिणाम मात्र झाला आहे. ज्या वाचकांच्या उत्तरांतून काळजीची शंका आली, त्यांना तिने तपासणीचा सल्ला दिला, आणि त्यांतले काहीजण डॉक्टरांकडे जाऊन आले.

बंधुभगिनींनो, तीस वर्षे मी वर्गात सांगत आलो, की शब्द जपून वापरावा. जपून म्हणजे सुंदर, असाच माझा समज होता. ज्याला तो शब्द ऐकायचा आहे, त्याला आधी विचारून घ्यावे, हे मला उतारवयात एका विद्यार्थिनीने आणि एका वाचकाने शिकवले. निबंधाच्या आभारात या ग्रंथालयातील वाचकांचा उल्लेख आहे. तो केवळ शिष्टाचार नाही. त्यांनी खरी उत्तरे दिली नसती, तर आमची चूक कायम राहिली असती.

तेव्हा यापुढे वृत्तपत्र विभागात कोणी मान खाली घालून बसलेले दिसले, तर लगेच हसू नका. जवळ जाऊन हलकेच विचारा, ‘‘काका, तंद्री की डुलकी?’’ तंद्री असेल तर त्यांना वाचू द्या. डुलकी असेल, आणि ती रोजचीच असेल, तर एकदा डॉक्टरांना भेटा, असे सांगा.