मुखातील पेशींची साक्ष
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



घरी कार्य निघाले की पाहुण्यांपुढे पानसुपारीचे तबक येते, आणि कित्येक घरी अजूनही त्यात विडी-सिगारेट ठेवणे हा आदरातिथ्याचाच भाग समजला जातो. ओढणारा धडधाकट दिसतो. म्हणून ‘यात बिघडले काय?’ असा प्रश्न होतो. काय बिघडते आणि ते डोळ्यांना दिसण्यापूर्वी कसे ओळखता येते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

गालाच्या आतील अस्तर पेशींच्या अनेक थरांचे असते. तळच्या थरात पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी निपजतात आणि सुमारे एक ते तीन आठवड्यांत पृष्ठभागी येऊन गळून पडतात. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. मातापित्यांकडून आलेला शरीराचा वारसा तो हाच. तंबाखूच्या धुरात कर्करोगजनक अशी सत्तरांहून अधिक द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे गुणसूत्र तुटले, तर विभाजनाच्या वेळी तो तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहतो आणि त्याचे निराळे चिमुकले केंद्रक बनते. यासच सूक्ष्मकेंद्रक म्हणतात.

परीक्षा अगदी सोपी आहे. चूळ भरून गाल आतून लाकडी पट्टीने हलकेच खरवडावयाचा आणि निघालेल्या पेशी काचेवर पसरून रंगवावयाच्या. फॉयल्गेन यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीने डीएनए तेवढे रंगते. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २००० पेशी तपासून सूक्ष्मकेंद्रके मोजतात. सुई नाही, वेदना नाही. कॅनडातील स्टिच व रोझिन यांनी १९८३ साली याच रीतीने धूम्रपान व मद्यपान यांचा जोडीने होणारा परिणाम मोजला.

मात्र ही मोजणी म्हणजे रोगनिदान नव्हे. निरोगी माणसातही थोडी सूक्ष्मकेंद्रके सापडतात. म्हणून ही कसोटी मुख्यतः समूहांच्या तुलनेसाठी वापरतात. आकडा कमी आला म्हणून ओढण्यास परवाना मिळत नाही. तोंडात पांढरा वा तांबडा चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारे व्रण राहिले, अथवा तोंड उघडेनासे झाले, तर तडक डॉक्टरांकडे जावे.

यातच आशेची गोष्टही आहे. अस्तर सतत नवे होत असते. धूर थांबला की नव्या पेशींवरील तो आघातही थांबतो. जुनी हानी सर्वस्वी पुसली जाते असे नव्हे. पण मुखकर्करोगाचा धोका वर्षांगणिक उतरत जातो. विडी सोडून तंबाखू चघळणे हा मात्र सुटकेचा मार्ग नव्हे. सुपारीही निर्दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्करोगकारक ठरविले.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या ज्ञातीच्या कार्यांत यापुढे तबकात बडीशेप, वेलदोडे व खडीसाखर असावी. पूजेची सुपारी देवापुढे सुखाने राहो; पाहुण्याच्या मुखात ती आणि तंबाखू जाऊ नये. ज्याचे आपण आदरातिथ्य करतो, त्याच्या आयुष्याची काळजी वाहणे हाही यजमानाचा धर्मच होय.