दहा हंगामांचा हिशेब



चारठाण्याच्या हेमाडपंती मंदिरांविषयी विद्वानांनी बोलावे. आमची शाळा भरली ती जिनिंगच्या फाटकाशी. तेव्हा तेथलेच बोलणे बरे.

निवृत्तिवेतन ही सरकारी नोकरांचीच मिरास, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती चुकीची आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अमलात आली. भविष्यनिर्वाह निधीतल्या मालकाच्या वर्गणीपैकी पगाराचे ८.३३ टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, या योजनेत जातात. दहा वर्षांची पात्र सेवा झाली आणि वयाची ५८ वर्षे भरली की कामगार पूर्ण निवृत्तिवेतनाचा हक्कदार होतो.

कोणी म्हणेल, कापसाचा हंगाम चार महिन्यांचा. दहा वर्षे भरायची कधी? येथेच आम्ही स्वतः फसलो. एका जिनिंगमधले एक गृहस्थ आठ हंगाम करून आमच्याकडे आले. मुलीचे लग्न होते. आम्ही बोटे मोजली: आठ चोक बत्तीस महिने, म्हणजे तीन वर्षेही नाहीत. ‘काढून घ्या पैसे,’ असे सांगून अर्ज आम्हीच लिहून दिला. पुढे त्यांनी दुसरीकडे चार हंगाम केले आणि ५८ पूर्ण झाली.

योजनेचे पुस्तक आम्ही नीट वाचले ते त्यानंतर! त्यात स्पष्ट लिहिले आहे की, हंगामी कारखान्यात एका वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षाहून कमी असली तरी ते वर्ष पूर्ण धरावे. म्हणजे बाराही वर्षे त्यांची होती. सरासरी पात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे सूत्र आहे. सरासरी १०,५०० धरली तरी दरमहा १,८०० रुपये जन्मभर मिळते आणि त्यांच्या मागे पत्नीलाही आधार राहता. पण आठ वर्षांचा पैसा उचलल्यामुळे ती सेवा पुसली गेली. उरली चारच वर्षे.

म्हणून सांगणे इतकेच. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर पैसे काढण्याची घाई करू नका. दहा-सी नमुन्यावर पैशांऐवजी योजनेचे प्रमाणपत्रही मागता येते. ते जपून ठेवा, म्हणजे मागली सेवा पुढल्या नोकरीत जोडली जाते. ५८ पूर्ण झाल्यावर दहा-डी नमुना भरा. आधार, बँकेचे पुस्तक आणि निधीची नोंद यांतले नाव व जन्मतारीख आजच ताडून पाहा. सेवेत असताना कामगार दगावला, तर विधवेच्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची अट नाही. हे घरच्या बायकांनाही ठाऊक असू द्या.

त्या गृहस्थांनी आम्हांला कधी बोल लावला नाही. परंतु चूक आमची होती, म्हणून ती चारचौघांत सांगितली. आज घरी गेल्यावर पेटीतले जुने कागद काढा आणि महिने न मोजता हंगाम मोजा.