गडाखालचा मुलूख



पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे कात्रजचा घाट मागे पडतो आणि थोड्याच वेळात उजव्या हातास सह्याद्रीची एक दाट रांग दिसू लागते. नसरापुरावरून आत वळले तर मार्गासनीवरून वेल्ह्यास जाता येते. तसेच पुढे कापूरहोळापर्यंत जाऊन वळले तर भोर. दोन्ही गावे पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटरांच्या आतबाहेर. सकाळी निघून रात्री घरी परतणारे प्रवासी तेथे पुष्कळ जातात. मी या मुलखात बरीच वर्षे मुले शिकविली, सुट्टीच्या दिवसांत त्याच मुलांबरोबर डोंगर तुडविले, आणि त्या आधारावर आज आपणांशी चार गोष्टी बोलणार आहे.

आजकाल शहरातील सुशिक्षित कुटुंबांपैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी अमेरिकेत असते. तिकडून छायाचित्रे येतात. त्या देशाच्या पश्चिमेस युटा नावाचे राज्य आहे. तेथील आर्चेस नावाच्या राष्ट्रीय उद्यानात तांबड्या वालुकाश्माच्या दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. वारा, पाणी आणि हिवाळ्यातील बर्फ यांनी लाखो वर्षे खडक पोखरून त्या घडविल्या. तो देखावा अपूर्व खराच. परंतु छायाचित्र दाखविणाऱ्या गृहस्थांना मी जेव्हा विचारतो, 'आपण राजगडचे नेढे पाहिले आहे काय?', तेव्हा बहुधा उत्तर नकारार्थी येते. राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळास आरपार पडलेले एक मोठे भोक आहे. सुईच्या नेढ्यावरून त्यास हे नाव मिळाले. चारसहा माणसे आत सहज बसू शकतात, आणि वैशाखाच्या भर दुपारीही तेथे असा गार वारा लागतो की उठवत नाही. आपला खडक मात्र वाळूचा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा काळा पाषाण. डोंगराच्या कुशीकडे नीट पाहिले तर ते थर पायऱ्यांसारखे मोजता येतात.

तुलना येथेच सोडली असती. पण त्या युटा राज्यातील आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रसिद्ध 'डेलिकेट आर्च'कडे जाणाऱ्या वाटेवर खडकात कोरलेली घोड्यांची व स्वारांची चित्रे आहेत. ती यूट नावाच्या मूळ रहिवाशांची, आणि त्या राज्याचे नावही त्याच लोकांवरून पडलेले आहे. त्यांची भूमी एकोणिसाव्या शतकात त्यांच्या हातून गेली. आज प्रवासी चित्रे पाहतो, पण ज्यांनी ती कोरली त्यांचे वंशज त्या वाटेवर त्यास सहसा भेटत नाहीत. आपल्याकडे तसे झालेले नाही. राजगडाखाली, तोरण्याखाली, रोहिड्याखाली आजही तीच आडनावे, तीच गावे आणि पुष्कळ ठिकाणी त्याच शेताच्या बांधावर उभी असलेली माणसे आपणांस भेटतात. मात्र शहरातून जाणारा पाहुणा गडाच्या पायथ्याशी मोटार उभी करतो, वर धावतो, खाली धावतो, आणि ज्या खोऱ्याने तो गड उभा केला त्याच्याशी एक शब्दही न बोलता परत येतो. हे मला खटकते.

म्हणून माझे म्हणणे असे की, आधी खोरे पाहावे आणि मग गड चढावा. या मुलखाची रचनाच तशी आहे. निरेचे, वेळवंडीचे, गुंजवणीचे, कानंदीचे अशी नदीनदीची खोरी, आणि प्रत्येक खोऱ्याचा निराळा देशमुख. हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात जेधे व खोपडे, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ. या घराण्यांनी एकमेकांशी पिढ्यान्‌पिढ्या वैर केले. स्वराज्य उभारणे म्हणजे आधी ही भांडणे मिटविणे होते, आणि ते काम एखादा किल्ला घेण्याहून सोपे नव्हते.

भोरजवळ उत्रौली नावाचे गाव आहे, आणि तेथून थोड्या अंतरावर रायरेश्वराच्या बाजूस कारी. 1659 साली अफजलखान चालून आला तेव्हा विजापूरची फर्माने मावळच्या देशमुखांना आली. 'खानास मिळा, नाही तर वतन जाईल' असा त्यांतील मजकुराचा अर्थ. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. कारीचे कान्होजी जेधे ते फर्मान आणि आपले पुत्र घेऊन राजगडी आले आणि वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांच्या पायाशी राहिले. पुढे खोपडे हाती लागले. त्यांचे प्राण कान्होजींच्या रदबदलीने वाचले, परंतु एक हात आणि एक पाय गमवावा लागला. शाळेत हा धडा शिकविताना मी फळ्यावर दोन ठिपके काढीत असे, एक कारी आणि एक उत्रौली, आणि मुलांना त्यांतील अंतर विचारीत असे. त्यांतील कित्येक मुले त्या दोन्ही गावांच्या बाजाराची, सोयरिकीची माहिती घरून घेऊन आलेली असत. एवढ्याशा अंतरात दोन माणसांनी दोन विरुद्ध निर्णय घेतले, हे ज्याने ती वाट पायांनी चालली त्यास जितके कळेल तितके पुस्तकाने कळणार नाही. 1660 साली घोडखिंडीत बाजीप्रभूंबरोबर जे लढले ते याच हिरडस मावळातील बांदलांचे लोक. त्यानंतर दरबारातील पहिला मान जेध्यांनी आपण होऊन बांदलांस दिला असे सांगतात. माझ्या मते लढाईच्या वर्णनाइतकीच ही गोष्टही मोलाची आहे.

आता प्रत्यक्ष गडांकडे वळू. राजगड हा जवळजवळ पंचवीस वर्षे स्वराज्याची राजधानी होता. 1659 साली सईबाईंचे निधन येथे झाले, 1666 साली आग्र्याहून सुटून महाराज येथेच परतले, 1670 साली राजाराम महाराजांचा जन्म येथे झाला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला त्यांत राजगड आहे. त्याच वर्षी वेल्हे तालुक्याचे नावही राजगड असे झाले. जुन्या माणसांच्या तोंडी वेल्हेच राहणार, माझ्याही. परंतु नाव नवीन आहे असे समजू नये. पंतसचिवांच्या भोर संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. 8 मार्च 1948 रोजी संस्थान विलीन झाले, आणि ती नावे दप्तरात राहिली.

राजगड पाहावयाचा तर संजीवनी माचीस पुरेसा वेळ द्यावा. तटाबाहेर दुसरा तट अशी तिची चिलखती बांधणी आहे. शत्रूने बाहेरचा बुरूज घेतला तरी आत अरुंद बोळात तो सापडावा, अशी योजना. बहुतेक प्रवासी बालेकिल्ला चढून दमतात आणि संजीवनीवर जातच नाहीत. उत्तम भाग तसाच राहून जातो. गुंजवण्याकडून चोरदरवाजाची वाट जवळची पण अवघड. पाली दरवाजाची वाट लांब, पायऱ्यांची, आणि वयस्क माणसांस सोयीची. साठी उलटल्यापासून मी पाली दरवाजानेच जातो, आणि त्यात कमीपणा वाटत नाही.

तोरणा वेल्ह्याच्या डोक्यावरच उभा आहे. चढ सरळ छातीवर येतो. वर मेंगाईचे देऊळ आहे, आणि पश्चिमेस बुधला माची, तेलाचा बुधला उपडा घालावा तशी. तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगडाचे बांधकाम झाले असे बखरी सांगतात. 1704 साली औरंगजेबाने लढून हा गड घेतला आणि त्यास फुतूह-उल-गैब असे नाव दिले. ते नाव मावळात कोणाच्या जिभेवर बसले नाही. तोरण्यावरून डोंगराच्या धारेने राजगडास जाता येते. तरुणांनी ही चाल जरूर करावी, परंतु पाणी बरोबर न्यावे आणि वाट ठाऊक असलेला गावकरी घ्यावा. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, धुक्यात धार दिसत नाही. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. मधमाश्यांची पोळी कड्यांस लटकत असतात. तेथे धूर व आरडाओरडा वर्ज्य.

भोरच्या बाजूस रोहिडा आटोपशीर आहे, अर्ध्या दिवसात होतो. रायरेश्वराच्या पठारावर लोखंडी शिडीने चढावे लागते. वर महादेवाचे देऊळ आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारी जंगमांची वस्ती. स्वराज्याची शपथ येथे 1645 साली घेतली गेली अशी परंपरा आहे.

या साऱ्या रम्य देखाव्याच्या मध्यभागी पाणी आहे, आणि त्याविषयी बोलले पाहिजे. वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण झाले, आणि पुढे 1920 नंतरच्या दशकात त्याहून मोठे, मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्या नावाचे. जलाशयास आता येसाजी कंकांचे नाव आहे. ते याच खोऱ्यातील भुतोंड्याचे. या पाण्यावर निरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस हा मुलूख उसाने हिरवा झाला. त्याचा आनंदच आहे. परंतु खोऱ्यातील चांगली भातखाचरे पाण्याखाली गेली, माणसे डोंगराच्या उतारावर सरकली, आणि चैत्र-वैशाखात त्याच जलाशयाच्या वरच्या वाड्यांतील बाया हंडा घेऊन दूरवर जाताना मी पाहिल्या आहेत. मुलगे मुंबईस, पुण्यास कामाला. घरी म्हातारी माणसे. अलीकडे उतारांवर शहरातील लोकांची कुंपणे दिसू लागली आहेत. जमीन विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे, पण त्याच्या जागी आपण काय केले असते ते ठरविणे कठीण. जेथे कधी वर्गात चाळीस मुले बसत तेथे आता दहा बसली तरी शिक्षक समाधान मानतात. तसेच चालले तर येथेही चित्रे उरतील आणि माणसे भेटणार नाहीत.

म्हणून एक रात्र तरी खोऱ्यात काढावी. पायथ्याच्या गावांत घरगुती जेवणाची सोय होते: नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा. घरातील म्हाताऱ्यास गडाविषयी विचारू नये; पाण्याविषयी, भाताविषयी विचारावे, म्हणजे गड आपोआप बोलण्यात येतो. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून केळदकडे जावे. तेथे मढे घाटाच्या तोंडाशी कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण पसरलेले दिसते. सिंहगडावर पडलेल्या तानाजींचा देह उमरठ्यास याच वाटेने उतरविला, म्हणून घाटास हे नाव, असे लोक सांगतात. परतताना कोणाच्या घरी आंबेमोहोर शिल्लक असला तर दोन पायल्या अवश्य घ्यावा. दर त्या घरच्या बाईस सांगू द्यावा, आणि घासाघीस न करता पैसे द्यावे.